दारूची दुकाने कुठे दाट, कुठे विरळ? दापोलीच्या निमित्ताने

आपल्या घरापासून दारूचे सर्वांत जवळचे दुकान किती मिनिटांवर आहे? आणि दारू सोडायला मदत करणारा सर्वांत जवळचा डॉक्टर किती तासांवर आहे? मुंबईच्या वस्तीतल्या वाचकांचे उत्तर एक येईल, दापोली तालुक्यातल्या बौद्धवाडीतल्या वाचकांचे दुसरे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची एक खोली मुंबईत आणि एक घर गावी असते. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला दोन्हीकडे लागू आहे, म्हणूनच आरोग्याच्या या पानावर या वेळी तो घेतला आहे.

दारूची दुकाने शहरात गल्लोगल्ली असतात, गावाकडे मोजकी असतात, म्हणून पोरगा गावी पाठवला की सुधारेल, अशी आपल्याकडे समजूत आहे. मुंबईत बिघडलेल्या मुलाला काही महिने गावी नेऊन ठेवणारे आईबाप आपण सर्वांनीच पाहिले असतील. ही समजूत अर्धीच खरी आहे. तिचा उरलेला अर्धा भाग कळण्यासाठी दुकाने मोजायची कशी, ते आधी समजून घेऊ.

मोजण्याच्या दोन रीती आहेत. एका चौरस किलोमीटरमध्ये दुकाने किती, ही एक. किती माणसांमागे एक दुकान, ही दुसरी. समजा, मुंबईत एक चौरस किलोमीटरचा एक भाग आहे, त्यात वीस हजार माणसे आणि पाच दुकाने आहेत. म्हणजे किलोमीटरमागे पाच दुकाने, आणि चार हजार माणसांमागे एक. आता समजा, किनाऱ्यावर दोन हजार वस्तीचे एक गाव दहा चौरस किलोमीटरवर पसरले आहे आणि तिथे चार दुकाने आहेत. किलोमीटरमागे अर्धेसुद्धा दुकान नाही, पण पाचशे माणसांमागे एक दुकान आहे. नकाशावर पाहिले तर हे गाव विरळ दिसते. माणसे मोजली तर तेच गाव मुंबईच्या आठपट दाट ठरते. हे आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतले आहेत. पण जमीन आणि माणसे यांचे खरे प्रमाणही फार वेगळे नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याच्या ८,२०८ चौरस किलोमीटरवर १६ लाख १५ हजार माणसे होती, म्हणजे चौरस किलोमीटरमागे १९७. मुंबईत हाच आकडा सुमारे वीस हजार होता. ऑस्ट्रेलियात या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे. तिथेही जमिनीमागे मोजले तर शहरे पुढे येतात, माणसांमागे मोजले तर लहान गावे आणि पर्यटनाची ठिकाणे.

आता आपल्याकडचे परवाने पाहू. महाराष्ट्रात दारूचा धंदा १९४९च्या दारूबंदी अधिनियमाखाली चालतो. कायद्याचे नाव दारूबंदीचे आणि काम परवाने देण्याचे, ही गंमत आपल्या राज्यात फार जुनी आहे. देशी दारूच्या किरकोळ दुकानाचा परवाना सीएल-३, वाइन शॉपचा एफएल-२, परमिट रूमचा एफएल-३ आणि बिअर शॉपीचा एफएल-बीआर-२. यांतल्या पहिल्या दोन प्रकारांचे नवे परवाने देणे सरकारने १९७०च्या दशकातच थांबवले. त्यामुळे देशी दुकाने आणि वाइन शॉप पन्नास वर्षे जवळपास तेवढीच राहिली. ती फक्त जागा बदलतात, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात. गिऱ्हाईक नाही तिथून उठायचे आणि गिऱ्हाईक आहे तिथे जाऊन बसायचे. परमिट रूम आणि बिअर शॉपी यांना मात्र ही बंदी नव्हती. म्हणजे गेल्या काही दशकांत आपल्या डोळ्यांदेखत जी वाढ झाली, ती मुख्यतः या दोन प्रकारांची आहे.

दापोलीत ही वाढ कुठून येते, हे सांगायला नको. केळसकर नाक्यावरून निघून मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै, आंजर्ले या वाटांना लागले की हॉटेले आणि लॉज सुरू होतात. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि मे महिन्यात तर रस्त्यावर जागा नसते. परमिट रूम या पाहुण्यांसाठी उघडते. पण सोमवारी पाहुणा परत जातो, परमिट रूम तिथेच राहते. उरलेले पाच दिवस ती स्थानिक माणसाच्या मजुरीवर चालते. त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. परमिट रूमचे वार्षिक शुल्क त्या ठिकाणच्या लोकसंख्येच्या टप्प्यांवर ठरते. मोठ्या शहरात ते भारी असते, लहान गावात कमी. लोकसंख्या मोजताना गावात राहणारी माणसे मोजली जातात, पर्यटक मोजले जात नाहीत. म्हणजे शुल्क गावाचे आणि गल्ला शहराचा. असा धंदा किनाऱ्यावर का वाढणार नाही? आमच्या मते पर्यटनाच्या गावांसाठी हा हिशोब सरकारने वेगळा करायला हवा.

इथपर्यंत फक्त परवान्याच्या दुकानांची गोष्ट झाली. गावाकडचे खरे चित्र परवान्याबाहेर आहे. ओढ्याकाठची हातभट्टी, काजूच्या हंगामात बोंडांपासून काढलेली दारू, घरातून किंवा टपरीतून विकली जाणारी देशीची बाटली, यांपैकी काहीच सरकारी यादीत नसते. त्यामुळे यादीत ‘दुकान नाही’ असे लिहिलेल्या वाडीतही दारू मिळत असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९–२१) आकडे हेच सांगतात. देशात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी शहरात १६.५ टक्के दारू पितात, ग्रामीण भागात १९.९ टक्के. गावात रस्त्यावर दुकाने कमी दिसतात, पण पिणारे जास्त आहेत. (महाराष्ट्रात शहर आणि गाव मिळून हे प्रमाण १३.९ टक्के आहे.) दुकाने कमी म्हणजे दारू कमी, असे सरळ गणित नाही. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, म्हणजे परवान्याची दुकाने शून्य. तरीही २०१६पासून ‘मुक्तिपथ’च्या कामात गावोगावची बेकायदा विक्री थांबवण्यासाठी गाव संघटना उभ्या कराव्या लागल्या. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ला दारूबंदी झाली आणि २०२१मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली, तेव्हा अवैध दारू वाढल्याचे कारण दिले गेले.

मग दुकाने मोजायची तरी कशाला, असे कोणी विचारेल. मोजायची, कारण दुकान जवळ असण्याचा परिणाम खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये ‘सेफर’ नावाने दारूचे नुकसान कमी करण्याचे पाच उपाय सांगितले. त्यांतला पहिलाच उपाय दारू सहज मिळण्यावर मर्यादा घालण्याचा आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराच्या अनेक वर्षांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात घरगुती हिंसेचा सर्वांत घट्ट संबंध आढळला तो बाटली घरी नेण्यासाठी विकणाऱ्या दुकानांशी. बसून पिण्याच्या जागांशी तो तेवढा नव्हता. स्कॉटलंडमध्ये गरीब वस्त्यांजवळ दुकाने जास्त असल्याचे दिसले. आपल्याला हे सांगायला परदेशी अभ्यासाची गरज नाही, पण दाखला हाताशी असलेला बरा. शनिवारी पगार होतो, कामावरून घरी येणारी वाट दुकानावरूनच जाते, आणि ज्याने सकाळी ‘आजपासून बंद’ म्हटलेले असते त्याचे पाय तिथे अडखळतात. दुकान दोन किलोमीटर दूर असते तर कदाचित तो घरी पोहोचला असता. व्यसन लागलेल्या माणसाला दूरचे दुकान अडवू शकत नाही. पण ज्याचे पिणे अजून अधूनमधून आहे, जो नुकताच सुरुवात करतो आहे, त्याला अंतराने फरक पडतो. वयाची अटही (बिअर आणि वाइनला २१ वर्षे, इतर दारूला २५) ओळखीच्या टपरीवर कोणी विचारत नाही.

पैशाचे गणितही करून पाहावे. जून २०२५मध्ये राज्य सरकारने दारूवरचे शुल्क वाढवले, तेव्हा १८० मिलीच्या देशी क्वार्टरची किमान किंमत ८० रुपये ठरली आणि विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूची २०५ रुपये. रोज एक देशी क्वार्टर म्हणजे महिन्याला २,४०० रुपये, वर्षाला जवळपास २९ हजार. दर वाढला की काही जण कमी पितात, हे खरे आहे. पण जिथे शेजारी हातभट्टी आहे तिथे दर वाढला की माणूस तिकडे वळतो. हातभट्टीत काय मिसळले आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉल पोटात गेले तर त्रास लगेच दिसत नाही, कधी कधी बारा-चोवीस तासांनी दिसतो. धूसर दिसणे, डोळ्यांपुढे पांढरे धुके येणे, उलट्या, पोटात जोराची कळ, धाप लागणे, यांतले काहीही दिसले तर ‘झोपला की उतरेल’ म्हणून थांबू नका. सरळ सरकारी रुग्णालयात न्या आणि काय प्यायला ते डॉक्टरांना खरे सांगा. वेळेवर उपचार मिळाले तर जीव वाचतो आणि डोळेही वाचू शकतात.

आता दुसरे अंतर, उपचाराचे. आम्हाला शहर आणि गाव यांतला सर्वांत मोठा फरक इथे दिसतो. मुंबईच्या वस्तीत दुकान दाराशी आहे, पण महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभागही आहेत, लोकलने तासाभरात जाता येते. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे सुरुवात करता येते. पण व्यसन जुने असेल, झटके येत असतील, मनाचा आजारही सोबत असेल, तर सरकारी मोठी सोय म्हणजे रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय. दापोलीहून ते शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. जाणे-येणे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, मुक्कामाचा प्रश्न, हे सगळे धरून विचार करा. २०१९मध्ये एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूचे व्यसन जडलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाल्याचे आढळले. गावाकडे दाटी दुकानांची आहे, आणि जे विरळ आहे ते उपचार. कोणत्याही गावाचे दारूचे चित्र या दोन्ही अंतरांनी मिळून बनते, म्हणून दोन्ही मोजली पाहिजेत.

दुकान कुठे असावे, हे ठरवण्यात आपल्यालाही थोडा अधिकार आहे. तो शहरात आणि गावात वेगवेगळा वापरावा लागतो. परमिट रूमच्या नियमांत शाळा, धार्मिक स्थळ आणि एसटी स्थानक यांच्यापासून ७५ मीटरची अट आहे. यात आपल्या विहारांसाठी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. या नियमांतली ‘धार्मिक संस्था’ म्हणजे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० याखाली नोंदलेल्या न्यासाच्या मालकीचे किंवा व्यवस्थापनाखालचे प्रार्थनास्थळ. आपली कितीतरी बुद्धविहारे वर्गणी काढून उभी राहिली, रोज वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते, पण धर्मादाय कार्यालयात नोंद नाही. कागदावर नोंद नसली तर मोजणीच्या वेळी आपले विहार धरले जाईल याची खात्री नाही. शेजारी दुकानाचा अर्ज आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा नोंदणी आजच करून घ्यावी. जागेचा वाद असला तरी व्यवस्थापन पाहणारी समिती न्यास म्हणून नोंदवण्याबद्दल वकिलाला जरूर विचारावे.

महामार्गाच्या निकालाची गोष्टही थोडक्यात सांगतो, कारण शहराला आणि लहान गावाला वेगवेगळी पट्टी कशी लागते ते तिथे दिसते. १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश दिला. ३१ मार्च २०१७ला वीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांसाठी हे अंतर २२० मीटर केले. दापोली शहराची वस्ती २०११मध्ये वीस हजारांच्या आतच होती. त्याच वर्षी जुलैमध्ये, नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश आडवा येत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. मूळ आदेशातले ५०० मीटर अशा तऱ्हेने बरेच आटले.

आणि मग आडवी बाटली. २५ मार्च २००८च्या शासन आदेशाने गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर जिल्हाधिकारी मतदान घेतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहावे, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. पुढे शहरांतल्या प्रभागांनाही ही सोय मिळाली. अट अशी की एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायचे. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीत नावे असलेल्यांपैकी निम्म्या. ही अट कोकणात कशी जड जाते ते पाहा. यादीत ४०० महिला असतील तर २०१ मते हवीत. त्यांपैकी १५० मुंबई-पुण्यात राहत असतील तर गावात उरल्या २५०, आणि त्यांतल्या दर दहांपैकी आठ जणींनी एका बाजूने मत द्यायला हवे. जे गाव आधीच मुंबईला गेले आहे, त्याला मत द्यायलाही मुंबईहूनच यावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यात २०११मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, पुरुष कामासाठी बाहेर असल्याने. या जिल्ह्यात महिलांच्या मतदानाला बळ आहे, पण ते हिशोबाने वापरावे लागेल. वारलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या महिलांची नावे नमुना ७ भरून यादीतून आधी कमी करून घ्यावीत. मुंबईच्या मंडळाने मतदानाच्या दिवशी गावी गाडी न्यावी. भीमजयंतीला आपण गाड्या भरून जातोच.

शहरातल्या वस्तीची अडचण याच्या उलट आहे. प्रभागात बारा हजार महिला मतदार असतील तर तीन हजार सह्या आणि सहा हजारांहून अधिक मते लागतात. दुकान वस्तीच्या तोंडाशी असते, पण यादीत पलीकडचे टॉवरही असतात, आणि तिथल्या बाईला या दुकानाचा त्रास नसतो. मार्च २०२५मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवे बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान उघडायचे तर सोसायटीचे ना हरकत पत्र लागेल. चांगले झाले. पण झोपडपट्टीत नोंदलेली सोसायटी कुठून आणायची? तिथे कोणाची हरकत विचारणार, हा प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी मांडला पाहिजे. हातभट्टीला तर परवानाच नाही, त्यामुळे बाटलीचे मतदान तिथे उपयोगाचे नाही. तिथे ग्रामरक्षक दल हा मार्ग आहे. २०१६च्या दुरुस्तीने कायद्यात त्याची तरतूद झाली आणि ग्रामसभेने मागणी केली की ते स्थापन करता येते.

हे सगळे करताना घरातल्या पिणाऱ्या माणसाला विसरू नका. पाचवे शील घेतलेल्या घरातही व्यसन शिरते, आणि मग लाजेने ते लपवले जाते. दारूचे व्यसन हा आजार आहे. शिव्या देऊन किंवा वाळीत टाकून तो बरा होत नाही. एक धोका मात्र सर्वांनी लक्षात ठेवावा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू कोंडून ठेवून एकदम बंद करू नका. बंद केल्यावर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, नसलेल्या गोष्टी पाहतो. यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हेच दिवस सुखरूप काढता येतात. आधी उपजिल्हा रुग्णालयात दाखवा आणि पुढे कुठे पाठवायचे ते तिथल्या डॉक्टरांना विचारा.

घरबसल्या विचारायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत आणि टेलिमानसवर मराठीत बोलता येते. फोन बायकोने, आईने किंवा मुलीने केला तरी चालतो. पिणाऱ्याने स्वतःच करावा अशी अट नाही. मारहाण होत असेल तर १८१ किंवा ११२.